यवनाचा भोजनमंडप

परदेशात शिकून आलेल्या माणसाला आपल्याकडे तीनच प्रश्न विचारतात. तिकडे खाण्याचे हाल झाले का? तिकडे बघण्यासारखं काय आहे? आणि तिकडच्या बायका कपडे कसले घालतात? इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २०१८-१९ साली संग्रहालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून मी जुन्नरला परतले, तेव्हा मोहल्ल्यातल्या खालाजानपासून शाळेतल्या जुन्या बाईंपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. प्रश्न तसे साधेच आहेत. पण प्रत्येकाच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो, तो सहसा कुणी तोंडावर विचारत नाही. तू तिकडे कुणाच्या पंगतीला बसलीस? आपल्यांच्या? मग आपले म्हणजे कोण?

माझी आई जुन्नरची. तिच्या आजोळी कागद बनवायचे. अब्बा आंबेगाव तालुक्यातले, मंचरला बटाट्याच्या आडतीवर त्यांची उभी हयात गेली. घरात आम्ही दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मराठी. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. जुन्नरला यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विमानतळ ओलांडल्यावर मात्र हे समजावून सांगावं लागतं.

आपल्या भागातून विलायतेला शिकायला जाणाऱ्या मुसलमान मुली आता नवलाईच्या राहिल्या नाहीत. पण १९०६ साली अतिया फैजी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्तीवर गेली, तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातली ही मुलगी, बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातली. तिची बहीण नाझली जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाची बेगम होती. अतिया लंडनहून बहिणींना उर्दूत रोजनिशी लिहून पाठवायची. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात ती छापून यायची आणि पुढे तिचं ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तक झालं. प्रकृतीमुळे शिक्षण अर्धवट सोडून तिला वर्षभरातच परतावं लागलं. त्या वर्षात इक्बालही विलायतेत शिकत होते आणि दोघांची ओळख तिथेच झाली. लोकांना एवढंच आठवतं. मला मात्र तिची रोजनिशी महत्त्वाची वाटते. एक विद्यार्थिनी परक्या शहरातली माणसं, मेजवान्या, संग्रहालयं आपल्या डोळ्यांनी बघते आणि घरच्या बायकांना घरच्या भाषेत कळवते. माझी लिहिण्याची भाषा मराठी आहे, म्हणून मी मराठीत कळवते आहे.

खाणं

पहिले आठ दिवस मला अन्नापेक्षा त्याभोवतीची शांतता जास्त टोचली. आपल्याकडे ‘जेवलीस का?’ हा नमस्कार-सलामाचाच प्रकार आहे. तिथे दुपारी एक वाजता जो तो आपलं सँडविच घेऊन संगणकासमोर बसतो, नाहीतर चालता चालता खातो. कुणी कुणाला काही विचारत नाही. ताटात डोकावणं तिथे असभ्यपणाचं, तर आपल्याकडे न डोकावणं परकेपणाचं.

लेस्टरमध्ये हलाल मिळवायला मात्र कष्ट पडत नाहीत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. तरीही हजारोंनी लोक आले. आज त्यांच्या फरसाणाच्या, मिठाईच्या आणि साड्यांच्या दुकानांनी बेलग्रेव्ह रोड भरलेला आहे, आणि तिथली दिवाळी हे शहर अभिमानाने मिरवतं. ज्यांना येऊ नका म्हटलं, त्यांच्याच हातच्या चवीवर शहराचं नाव झालं.

तिथला माझा खाटीक मूळचा भरूचकडचा. ‘मुंबई से?’ म्हणून त्याने विचारलं. जुन्नर त्याला ठाऊक नव्हतं. मी फोनवर घरी मराठी मिसळून बोलत होते, ते ऐकून तो थबकला. ‘ये तो हिंदू लोगों की जबान है ना?’ त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, खरंच कुतूहल होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका मराठी मंडळाच्या स्नेहभोजनाला गेले. तिथे एका काकूंनी माझं नाव ऐकलं, थोडं बोलणं झालं आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, ‘मराठी किती छान बोलता हो तुम्ही!’ आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. पुण्यात ऐकलं होतं तेव्हा राग आला होता. सात समुद्रापलीकडे ऐकलं तेव्हा थकवा आला. मसाल्याच्या दुकानात माझी भाषा परकी, मंडळाच्या पंगतीत माझं नाव परकं.

वसतिगृहाचं स्वयंपाकघर सहा जणींत एक होतं. राजकोटकडची एक जैन मुलगी कांदा-लसूण खायची नाही, एक सोमाली मुलगी हलालशिवाय काही खायची नाही, पोलंडची एक सगळं खायची पण तिखट नाही. मी एका रविवारी मासवडी केली. जुन्नर, नारायणगाव, मंचरकडच्या वाचकांना मासवडी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं, गुंडाळी करून वड्या कापायच्या. त्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात म्हणून मासवडी. नावात मासा असला तरी ताटात बेसनच. जैन मुलीसाठी वेगळं सारण केलं. झणझणीत रस्सा एका भांड्यात, बेताचा दुसऱ्या भांड्यात. आमच्याकडे मासवडी मराठ्यांच्या घरी होते, माळ्यांच्या घरी होते, मुसलमानांच्या घरीही होते. ती कुणाची, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. सोमाली मुलीने विचारलं, ‘हे मुसलमानी जेवण आहे का?’ मी म्हटलं, ‘हे आमच्या तालुक्याचं जेवण आहे.’ मला तिथे सापडलेलं हे पहिलं धड उत्तर.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला. तिकडे त्या दिवसांत रोजा अठरा तासांच्या आसपास जातो. इफ्तार रात्री नऊला. आमच्या मजल्यावर खजुराबरोबर वेफर्स असायचे, कारण ते सर्वांत स्वस्त. लेस्टरमध्ये वेफर्सचा प्रचंड कारखाना आहे. मी अब्बांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बटाटा कौनसा डालते?’ आंबेगावातल्या सातगाव पठारावरचा बटाटाही वेफर्सच्या कंपन्यांना जातो. अब्बांना बिलायत समजली ती त्या एका पुडीतून.

कला

आमच्या अभ्यासक्रमात जुन्या कागदाच्या जतनावर काही तास होते. एका तासाला बाईंनी हिंदुस्थानी हातकागदाचा एक तुकडा दाखवला. दिव्याखाली तिरपा धरला की तो चमकत होता. बाई म्हणाल्या, ही झिलई कशाने आली असेल? मी नानीच्या तोंडून ते शंभरदा ऐकलं होतं. ताग आणि चिंध्या चुन्यात कुजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, हौदातल्या लगद्यातून साच्याने ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचं. बोरूची निब अडू नये म्हणून. जुन्नरचे मुसलमान कागदी कुकडीच्या पाण्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होते, आणि जुन्नरी कागदावर मोडी दफ्तरं लिहिली गेली. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. मी वर्गात हे सगळं सांगितलं तेव्हा बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं. नानीच्या बोलण्याला असा मान आमच्या घरातही कधी मिळाला नव्हता.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात मलिक अंबरचं एक चित्र आहे. मोगल चित्रकार हाशिमने ते १६२० च्या सुमारास काढलं. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती कायम भिंतीवर नसतात. मी ते संगणकावरच मोठं करून पाहिलं. सावळा, भरदार, पांढऱ्या जाम्यातला म्हातारा सरदार. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला आणि १६०७ च्या सुमारास त्याने राजधानी जुन्नरला आणली. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात दुसरं चित्र आहे, अबुल हसनचं. त्यात जहांगीर बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला ते कधी जमलं नाही. अंबर १६२६ मध्ये आपल्या मरणाने मेला. एकाच दरबारातल्या दोन चित्रकारांपैकी एकाने बादशहाची इच्छा रंगवली, दुसऱ्याने समोरचा माणूस. शत्रूलाही माणूस म्हणून रंगवता येतं, हे मी त्या दोन चित्रांवरून शिकले. जुन्नरजवळच्या हापूसबागेचं नाव ‘हबशीबागे’वरून आलं असं सांगतात. तिथल्या घुमटावरून मी लहानपणी कितीदा गेले असेन, पण हबशी म्हणजे कोण हे मला लेस्टरमध्ये बसून वाचावं लागलं.

इथे आणखी एका विद्यार्थ्याचं नाव घ्यायला हवं. सॅम्युअल रहामिन, पुण्यात जन्मलेला बेने इस्रायली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तो लंडनच्या रॉयल अकादमीत गेला आणि सार्जंटसारख्या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली तैलचित्रं शिकला. परतल्यावर मात्र तो हळूहळू राजपूत आणि मोगल लघुचित्रांच्या वळणाकडे गेला. १९१२ मध्ये त्याने अतिया फैजीशी लग्न केलं, इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहामिन हे आडनाव लावलं. फाळणीनंतर ती दोघं कराचीला गेली. मराठी मुलखातल्या या दोन विद्यार्थ्यांना आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. पुण्याच्या चित्रकाराचं नाव पुण्यात कितीजणांना ठाऊक आहे?

पेहराव

नानी सुती लुगडं नेसायची, पदर डोक्यावर. नमाजाला वर पांढरी ओढणी घ्यायची. अम्मी लग्नाकार्यात साडी, रोज पंजाबी ड्रेस आणि पुण्याला जाताना बुरखा. मी ड्रेस आणि ओढणी. तिन्ही एकाच घरातल्या. लेस्टरमध्ये मी पायात बूट आणि अंगात अबाया घालून बसमागे धावणाऱ्या मुली पाहिल्या, सोमाली बायकांचे झळाळते रंग पाहिले, आणि काळ्या-करड्या कोटांत हरवलेले इंग्रज पाहिले. ‘तू मुसलमान वाटत नाहीस,’ असं मला दोनदा सांगण्यात आलं. एकदा एका गोऱ्या मुलीकडून, एकदा एका मुसलमान मुलीकडून. दोघींनाही मी नानीचा फोटो दाखवला.

मला सर्वांत आवडली ती तिथली जुन्या कपड्यांची दुकानं. धर्मादाय संस्था ती चालवतात आणि चांगल्या खात्यापित्या घरची माणसं तिथून कोट घेऊन अभिमानाने घालतात. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं, दुसऱ्याचा जुना कपडा अंगावर घालणं म्हणजे कमीपणा. पण नानीच्या माहेरी चिंध्यांचाच कागद व्हायचा, हे आठवल्यावर मला तो कमीपणा वाटेनासा झाला. माझा थंडीचा कोट पाच पौंडांचा होता. तो अजून आहे.

आता शिवनेरीविषयी. किल्ल्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांपैकी एक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, एका यवनाच्या दानाचा. चिट त्याचं नाव. त्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, असं तो लेख सांगतो. दुसऱ्या एका यवनाने, इरिलाने, पाण्याची दोन टाकी दिली. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरचं हे गाव, म्हणून असे परदेशी इथे येत. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचा माणूस. पुढे मराठीत हाच शब्द आमच्यासाठी वापरला गेला आणि त्यात ‘बाहेरचा’ असा वार भरला. शाळेच्या पुस्तकात तो शब्द आला की वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या.

परतल्यावर मी ती लेणी नव्याने पाहिली. आमच्या तालुक्यात यवनाची जी नोंद खडकात कोरलेली आहे, ती लुटीची नाही, जेवणाच्या जागेची आहे. बाहेरून आलेल्या माणसाने इथल्यांना पंगत मांडायला छप्पर दिलं, आणि इथल्यांनी त्याच्या नावासकट ते स्वीकारलं.

म्हणून आता कुणी विचारलं, तिकडे कुणाच्या पंगतीला बसलीस, तर मी सांगते की मी पंगत मांडली. वसतिगृहाच्या त्या स्वयंपाकघरात, सहाजणींसाठी, दोन प्रकारच्या रश्श्यांची. पुढच्या वर्षी तुमच्यातली कुणी शिकायला जाणार असेल, तर बॅगेत लोणच्याबरोबर अर्धा किलो तीळ टाका. खोबरं तिकडे मिळतं.