मुद्राराक्षसाची वही

‘अण्णा झोपलेत.’ लहानपणी आम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच असावं. बाहेर लख्ख ऊन, नळावर बायकांची गर्दी, बोहारणीची हाळी, आणि आमच्या खोलीत मात्र मध्यरात्र. ओठ न हलवता भांडायची कला आम्ही तिघा भावंडांनी शाळेत जायच्या आधीच कमावली होती. वर्तमानपत्रात काम करणारं माणूस ज्यांच्या घरात होतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्रपाळीचा उपसंपादक घरी यायचा तो तीनच्या पुढे. सदाशिव पेठेतल्या बोळात आधी कुत्री भुंकायची, मग सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज यायचा, आणि मग आईनं झाकून ठेवलेल्या ताटावरची ताटली उचलल्याचा. शाईचा आणि केरोसीनचा वास पांघरुणापर्यंत पोचला की आम्ही निर्धास्त झोपायचो.

आमच्या घरात पैसे बेताचे होते, पण कागद मात्र अमाप. टेलिप्रिंटरवरून उतरलेल्या बातम्यांचे पाठकोरे ताव अण्णा सायकलच्या कॅरिअरला लावून आणायचे. एका बाजूला कुठल्याशा परिषदेचा इंग्रजी वृत्तान्त आणि मागे आमची त्रैराशिकं. गणित सुटलं नाही की आम्ही कागद उलटून जगाची बातमी वाचायचो. वाढदिवसाला अण्णा छापखान्यातून झिजलेले, वितळवायला काढलेले शिशाचे खिळे आणायचे. आपलं नाव उलटं जुळवायचं, त्याला शाई लावायची आणि ते कागदावर सुलटं उमटलेलं बघायचं. उलटं वाचता येणं ही आमच्या घरी विशेष गोष्टच नव्हती. धाकट्याला तर बरेच दिवस सुलटंच अवघड जायचं.

अण्णांचे छंद मोजके होते, पण एक नंबरचा छंद म्हणजे ती वही. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची. आपल्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या चुका ते कापायचे आणि तांदळाच्या खळीनं तिच्यात चिकटवायचे. आपल्याकडे छापखान्यातल्या चुकांचा दोष मुद्राराक्षसावर टाकायची जुनी पद्धत आहे. विशाखदत्तानं नाटकाला ते नाव दिलं तेव्हा हा अर्थ त्याच्या स्वप्नातही नसणार. अण्णांच्या वहीत मंत्रिमहोदयांचं ‘भक्षण’ टाळ्यांच्या गजरात पार पडलं होतं आणि एका समारंभाच्या ‘मूर्ख पाहुण्यांनी’ दीपप्रज्वलन केलं होतं. पावसाळ्यातल्या रविवारी ही वही निघायची आणि हसूनहसून पोट दुखायचं. ‘ज्येष्ठ’ऐवजी ‘जेष्ठ’ तर पानापानावर. अण्णा म्हणायचे, “हा वहीचा जावई. न बोलावता येतो आणि वर मानपान मागतो.”

वहीला तीन रकाने होते. तारीख, चूक, आणि ‘कोणाच्या नजरेतून सुटली’. खिळे जुळवणाऱ्याचं नाव त्यात कधीच नसायचं. “त्याचे डोळे आधीच शिशानं जातात,” अण्णा म्हणायचे. “आणि जुळवणाऱ्याच्या हातून चूक होणारच. तपासणाऱ्याला पगार कशाचा मिळतो मग?” तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा, लाल शाईत, एकच शब्द होता: ‘मी’.

दुसरा छंद रेडिओचा. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ आमची, सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या आईच्या, आणि सुटीच्या रात्रीची शॉर्टवेव्हची खरखर अण्णांची. सुई केसभर सरकवून त्या शिट्ट्यांमधून ते बीबीसी शोधून काढायचे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा रेडिओचा आवाज एकदम खाली गेला आणि खिडकी लावली जाऊ लागली. अण्णा घरी फार बोलायचे नाहीत. बातम्या तपासणीला जातात, एवढं आम्हाला कळलं होतं. त्या दिवसांत वहीत फारशी भर पडली नाही. ताईनं विचारलं तर म्हणाले, “भीतीनं तपासलेलं प्रूफ फार स्वच्छ असतं.” तेव्हा आम्हाला ते कौतुक वाटलं होतं.

घरी अण्णांनी आम्हाला झोपेतून उठवल्याचं एकदाच आठवतं. मार्च १९७७, निकालाची रात्र. पहाटे ते रायबरेलीचा निकाल असलेला ओला अंक घेऊन आले आणि दिवा लावला. पहिलं पान आमच्यासमोर धरलं, मथळ्यावरून बोट फिरवलं, शाई बोटाला लागली. मग हलकेच म्हणाले, “आता वही पुन्हा भरायला लागेल.”

त्यांचा स्वभाव मात्र वहीपेक्षा दोन शब्दांत जास्त सापडायचा: “खात्री केलीस?” दूधवाला आला नाही, मास्तर आजारी आहेत, शेजारच्यांकडे स्थळ ठरलं, काहीही सांगा, उत्तर तेच. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून वाड्यात रडारड चालली होती. कोणी देव पाण्यात ठेवले, कोणी आणलेलं श्रीखंड आजच संपवा म्हणालं. अण्णा दुपारचे झोपले होते. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, “अहो, पुण्यावर पडणार म्हणतात, खरं का?” अण्णा कूस बदलत म्हणाले, “पडलं की उठवा. तोवर बातमी नाही.” ते पडलं थेट ऑस्ट्रेलियात. श्रीखंड तेवढं आधीच संपलं होतं.

डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस मात्र वर्षभर राखून ठेवलेल्या रजेचे. रेणुका स्वरूपच्या मैदानावर सतरंजी, आईची शाल, दशम्यांचा डबा आणि चहाचा थर्मास. कचेरीतून पास मिळत असे, पण अण्णा रांगेत उभे राहून तिकीट काढायचे. “पासावर बसलं की ऐकताना डोक्यात मथळा सुचायला लागतो,” म्हणायचे. रात्रभर आम्ही त्यांच्या मांडीवर आळीपाळीनं झोपायचो. शेवटच्या पहाटे भीमसेन जोशींचा स्वर लागला की हलवून उठवायचे. परतताना अमृततुल्यचा चहा. गाणं कसं झालं, असं कोणी विचारलं तर नुसती मान हलवायचे. रोज रात्री शब्द मोजून विकणारा माणूस त्या दिवशी एकही खर्चायचा नाही.

आज वाटतं, त्या पिढीतल्या वर्तमानपत्रवाल्यांना आपण काय करतो याचा फारसा भ्रम नव्हता. रात्री जिवापाड सांभाळलेला मजकूर दुपारी भेळेच्या पुड्यात जातो, हे ते रोज बघत होते. म्हणून ते कडवट झाले नाहीत. उद्या रद्दी होणाऱ्या कागदावरही आज वेलांटी पहिली की दुसरी, यासाठी ते टेलिफोन करून कोशातून शब्द काढायला लावायचे. मोठेपणाच्या गोष्टी त्यांनी आम्हाला कधी सांगितल्या नाहीत. वही मात्र वाचायला दिली.

अण्णा गेले तेव्हा निधनाचा मजकूर आम्हीच लिहिला. ताईनं लिहिला, मी वाचला, धाकट्यानं पुन्हा वाचला, आणि रात्री उशिरा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंक उघडला. फोटो ठीक होता, वय बरोबर होतं. खाली छापलं होतं, ‘जेष्ठ पत्रकार’. धाकटा तावातावानं फोन करायला उठला. मी आमच्या मजकुराची प्रत काढली. तिच्यातही, ताईच्या वळणदार अक्षरात, ‘जेष्ठ’च होतं. शेवटी जावई आलाच.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो. घरात माणसं जमलेली, कोणाला काही कळेना. तेराव्यानंतर ताईनं कपाटातून वही काढली, खळ शिजवली, कात्रण नीट चिकटवलं आणि तारीख घातली. तिसऱ्या रकान्यापाशी थोडी थांबली. मग लाल शाईनं लिहिलं: ‘आम्ही’.