पुढची सीट रिकामी

स्केल मॉडेलांचं प्रदर्शन आवरायला लागलं की परीक्षकांच्या चिठ्ठ्या हातात देतात. माझ्या टायगर मॉथच्या चिठ्ठीवर बांधणी उत्तम, रंगकाम उत्तम, आणि 'अचूकता' या रकान्यात 20 पैकी 8. शेजारी निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: 'पायलट चुकीच्या सीटवर.'

बक्षिसाचं मला काही नाही. घरात ठेवायला जागा नाही आणि ते कप पुसायचं काम शेवटी माझ्याकडेच येतं. पण त्या शेऱ्याला आता बरेच महिने झाले, तरी आंघोळ करताना मी त्या परीक्षकांशी मनातल्या मनात वाद घालत असतो. दर वेळी जिंकतोही.

टायगर मॉथ म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं शिकाऊ बायप्लेन. पहिलं उड्डाण 26 ऑक्टोबर 1931. 130 अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन, कापडानं मढवलेले पंख, आणि एकामागे एक अशा दोन उघड्या सीट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यातले हजारो वैमानिक याच्यावर शिकले, त्यात आपल्या हवाई दलातलेही होते. युद्ध संपल्यावर ही विमानं फ्लाइंग क्लबांकडे गेली. जे.आर.डी. टाटांनी ज्या मुंबई फ्लाइंग क्लबात शिकून 1929 साली देशातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळवलं, त्याच क्लबात जुहूला माझे थोरले मामा पन्नासच्या दशकात टायगर मॉथवर शिकले. पुढे ते पायलट वगैरे झाले नाहीत. औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी केली, मुलींची लग्नं केली, गुडघ्यांची तक्रार केली. पण पहिल्या सोलोची गोष्ट मात्र ते दर दिवाळीला सांगायचे आणि आम्ही दर दिवाळीला ऐकायचो.

गोष्ट अशी. इन्स्ट्रक्टर पुढच्या सीटवर, विद्यार्थी मागच्या. कितीतरी तास समोर त्या माणसाचं चामडी टोपी घातलेलं डोकं, आणि कानात बोलनळीतून येणारा त्याचा ओरडा. एका सकाळी दोन-चार लँडिंग झाल्यावर इन्स्ट्रक्टर विमान थांबवायला सांगतो, खाली उतरतो, आपल्या सीटचे पट्टे नीट आवळून बांधतो आणि एक शब्द न बोलता गवतातून चालायला लागतो. पट्टे बांधायचे, कारण दोन्ही सीटना कंट्रोल जोडलेले असतात. मोकळा पट्टा पुढच्या दांड्यात अडकला तर मागच्याचा दांडाही हलणार नाही. "विमान असं उडालं म्हणतोस," मामा म्हणायचे, "एका माणसाचं वजन गेलेलं ना! आणि पहिल्यांदाच समोरचं सगळं दिसलं. डोकंच नाही!"

मला त्या 'डोकंच नाही'चं मॉडेल करायचं होतं.

एरवी मी मॉडेलमध्ये माणूस बसवत नाही. प्लॅस्टिकचा पायलट कितीही छान रंगवा, तो कायम गॅसचं सिलिंडर संपल्याची बातमी नुकतीच ऐकल्यासारखा दिसतो. पण इथे माणूस हवाच होता, कारण त्याच्याशिवाय पुढची रिकामी सीट नुसती रिकामी दिसली असती. किटमध्ये दोन फिगर होत्या. एक रंगवून मागे बसवली. पुढच्या सीटवर औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून मिलिमीटरभर रुंदीचे पट्टे कापून, सीटच्या पाठीशी आवळून बांधले. बकल तांब्याच्या तारेचं. हे सगळं ज्या कॉकपिटमध्ये, त्यात माझी करंगळी जात नाही. 1/48 प्रमाणात खरे 8.94 मीटरचे पंख 186 मिलिमीटरचे होतात, म्हणजे अख्खं विमान वीतभर.

रंग चंदेरी ठेवला. पिवळं टायगर मॉथ सगळेच करतात. चंदेरी म्हटल्यावर लोक चकचकीत धातूचा रंग मारतात, तो मला अजिबात पटत नाही. ते पत्र्याचं विमान नव्हे. लिननच्या कापडावर अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेलं डोप मारलेलं असतं, उन्हानं कापड कुजू नये म्हणून. त्याला चमक नसते, एक करडा, मंद उजळपणा असतो. शिवाय किटवाले पंखांच्या फासळ्या अशा उठवतात की विमान उपाशी वाटावं. त्या सँडपेपरनं घासून जवळजवळ नाहीशा केल्या.

आणि मग तारा. बायप्लेनचं खरं काम हेच. नव्यानं या नादाला लागणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आधी स्पिटफायर करा, हरिकेन करा, एक पंख असलेलं काहीही करा. बायप्लेनच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. दोन पंखांमधल्या तारा शोभेच्या नसतात. ऑक्टेव्ह शनूट नावाचा रेल्वेचे पूल बांधणारा अमेरिकन इंजिनियर होता. पुलाच्या सांगाड्यात तिरकस ओढ देऊन जी मजबुती आणतात, ती त्यानं 1896 च्या आपल्या ग्लायडरच्या दोन पंखांमध्ये आणली. राइट बंधूंनी ती उचलली आणि पुढे सगळ्या जगानं. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तेव्हा खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या तारा ताण घेतात. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनानं खाली येऊ पाहतात, तेव्हा उलट दिशेच्या तारा. एवढं कळलं की कुठली तार कुठून कुठे, हे पाठ करावं लागत नाही.

मी तुळशीबागेतून आणलेला नायलॉनचा पारदर्शक दोरा वापरतो, साडीला फॉल लावताना बायका वापरतात तो. रंगवण्याआधीच पंखांना बारीक भोकं पाडून ठेवायची, दोरा ओवायचा, सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकानं. कितीही ओढून चिकटवला तरी तो थोडा सैल पडतोच. मग पेटती अगरबत्ती त्याच्या जवळून, न टेकवता, न्यायची. उष्णतेनं नायलॉन आखडतो आणि दोरा ताठ होतो. देवघरातल्या अगरबत्त्यांचा पुडा माझ्या टेबलावर का असतो, याचं कारण आमच्या घरात आता कुणी विचारत नाही. वरचा पंख बसवताना सगळे स्ट्रट एकाच वेळी आपापल्या खाचेत जायला हवेत. त्या वेळी फोन वाजला तरी घ्यायचा नाही, बेल वाजली तरी उठायचं नाही.

तर असं हे मॉडेल.

चिठ्ठी घेऊन मी परीक्षकांकडे गेलो. तिघांपैकी हा शेरा कुणाचा ते अक्षरावरून कळलं. निवृत्त इंजिनियर, स्वतः रणगाडे आणि जहाजं करतात, उत्तम करतात. मी म्हटलं, "सर, टायगर मॉथ एकट्यानं उडवताना मागच्याच सीटवरून उडवतात."

ते हसले. "अहो, पुढे बसलेल्याला पुढचं दिसतं. मागे बसतो तो प्रवासी."

मी समजावलं. पुढची सीट विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ आहे, वर पंखातली पेट्रोलची टाकी. तिथे कुणी बसलं काय नि नाही काय, तोल फारसा बदलत नाही. मागची सीट लांब. ती मोकळी ठेवून पुढून उडवलं तर नाक जड होणार. म्हणून एकटा माणूस मागे. टायगर मॉथच कशाला, अमेरिकेतलं स्टिअरमन घ्या, पायपर कब घ्या, एकट्यानं मागूनच उडवतात.

"ते असेल," ते म्हणाले. 'असेल' म्हणाले! "पण मग पुढच्या सीटचे पट्टे बांधलेले कसे? माणूस नाही आणि पट्टे बांधलेत. म्हणजे पायलट पुढे होता, बसला नाही नीट, म्हणून तुम्ही मागे हलवला. होतं असं. माझंही होतं."

मी काय बोलणार? ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त जीव लावला होता, जिच्यासाठी मॉडेल केलं होतं, तीच माझ्या लबाडीचा पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवली गेली. तीही प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून. मी मामांची गोष्ट सांगायला लागलो. आजूबाजूला दोन-तीन जण जमले. एकानं विचारलं, "तुमचे मामा एअर फोर्समध्ये होते का?" मी म्हटलं, नाही, औषधांच्या कंपनीत. झालं! तेवढ्यावर खटला निकालात निघाला.

आयोजकांकडे गेलो. "परीक्षकांचा निर्णय अंतिम, असं फॉर्मवर लिहिलंय ना सर." लिहिलेलं होतं. मी म्हटलं, निर्णय बदलू नका, गुण वाढवू नका, फक्त शेरा खोडा. "खोडाखोड केलेली चिठ्ठी बरी दिसत नाही हो." दुसऱ्या दिवशी मी मामांच्या जुन्या अल्बममधला फोटो घेऊन गेलो. जुहूचं मैदान, टायगर मॉथ, मागच्या सीटवर एक तरुण, पुढे कुणी नाही. हॉलमध्ये तोवर साड्यांचा सेल लागला होता.

पहिलं बक्षीस एका मिग-21 ला गेलं. छान होतं. नाकावरची पिटो ट्यूब किंचित वाकडी होती, पण तो माझा विषय नाही.

मला स्पर्धांमध्ये मुळातच राम वाटत नाही. जो तो भिंग घेऊन सांधे बघतो. सांधा दिसला की गुण कापायचे, डिकलची कड चमकली की गुण कापायचे. समोर काय घडतंय हे कुणी विचारत नाही. बरं, शेजारी पाटी लावून समजावून सांगावं, तर तेही मला पटत नाही. मॉडेल बघून कळलं पाहिजे. असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे, आणि प्रदर्शनानंतर आठवड्याभरातच मी पाटी तयार केली. मराठीत. गुरुत्वमध्य, बोलनळी, पट्टे, सगळं तीत आलं. छापून आणली तेव्हा ती विमानापेक्षा मोठी झाली होती. घरी येणारे पाहुणे आता आधी पाटी वाचतात, मान डोलावतात, आणि चहाकडे वळतात.

भाचा आला होता, सातवीत आहे. त्यानं पाटी वाचली नाही. लांबूनच म्हणाला, "मामा, पुढचा पायलट पडला का?"

मी लांब जाऊन बघितलं. खरं सांगायचं तर तसंच दिसतं. दारातून बघितलं की डोळ्याला वाटतं, इथे काहीतरी गळून पडलंय. पुढची सीट रिकामी असलेलं विमान बिघडलेलं वाटतं, तोल, गुरुत्वमध्य सगळं पाठ असूनसुद्धा. हिनं तर सरळ सुचवलं की डब्यातली दुसरी फिगर पुढे बसवून टाक, वाद मिटेल. मग सोलो कसला? पण हे म्हणताना माझा आवाज नेहमीइतका चढला नाही, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

आणखी एक गोष्ट मला हल्ली छळते. बाकीच्या दोघा परीक्षकांनी 'उत्तम, उत्तम' लिहून ठेवलं. त्यांनी कॉकपिटमध्ये डोकावलं तरी असेल का? बांधलेले पट्टे बघितले ते फक्त या रणगाडेवाल्यांनी. चांदीच्या त्या मिलिमीटरभर पट्ट्यांवर बॅटरी मारून, वाकून, नीट बघितले, त्यांचा काहीतरी अर्थ लावला. अर्थ चुकला, पण लावला. एवढ्या बारकाईनं माझं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं. हे मान्य करायला मला जड जातं. आणि मान्य केल्यावर लगेच मनात येतं: तरीही 20 पैकी 8?

सध्या टेबलावर वेस्टलंड वापिटी आहे. आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोडला उभी राहिली ती चार वापिटींवर. रेझिनचं किट, भाग वेडेवाकडे, मोठं नऊ सिलिंडरचं ज्युपिटर इंजिन, आणि प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या दोन-दोन जोड्या, म्हणजे तारा टायगर मॉथच्या कितीतरी पट. अगरबत्तीचे दोन पुडे आणून ठेवलेत. या विमानात पायलट पुढे बसतो आणि गनर मागे, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त आहे. फक्त गनर शेपटाकडे तोंड करून उभा करायचा आहे. त्यावर कोण काय लिहील, सांगता येत नाही.