दोऱ्याचा नंबर

गेल्या नाताळच्या सुटींत माझ्या दिवंगत आईची शिवणाची पेटी मीं उघडली, तेव्हां तींत तिनें अर्धा विणून ठेविलेला क्रोशाचा गोल रुमाल सांपडला. सुई त्यांतच अडकविलेली होती. दोऱ्याचा गुंडा संपत आला होता व त्यावरील कागद केव्हांच गळून गेला होता. तो रुमाल पुरा करावा असें मनांत आलें. लोकरींत दोन पदरीपेक्षां चार पदरी जाड, तेव्हां बारीक दोऱ्यास लहान नंबर हवा, असा तर्क करून मीं २० नंबरचा दोरा आणिला व त्याच सुईनें तीन फेऱ्या घातल्या. खांब आईच्या हिशेबाप्रमाणेंच वाढविले होते; तरी कड सपाट न बसतां झालरीसारखी उठूं लागली. माझ्या वर्गांतील मुलींनीं ही फजिती पाहिली नाहीं, हें बरें झालें!

सुताचा न्याय उलटा आहे. एक पौंड सुतांत ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतात, तितका त्याचा नंबर, अशी इंग्रजी गिरण्यांची रीत. मुंबईच्या गिरण्यांतही तीच चालत आली. लड्या अधिक, तर सूत बारीक. क्रोशाच्या दोऱ्याचीही चाल तीच: ४० नंबर २० पेक्षां बारीक, ८० त्याहूनही. उलट अमेरिकेंतील क्राफ्ट यार्न कौन्सिलच्या ० ते ७ या अंकांत ७ सर्वांत जाड! इंग्रजींत जाडीलाच दोऱ्याचें 'वजन' म्हणतात, तो शब्द तर अधिकच फसवा. वेष्टनावरील ५० ग्राम हें केवळ गुंड्याचें वजन. त्यांत मीटर किती, तें पाहावें. पदरांवरही भिस्त ठेवूं नये. सैल पिळाची दोन पदरी लोकर घट्ट पिळाच्या चार पदरीहून जाड निघूं शकते.

शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं अखेर मला युक्ति दाखविली. आईचा व माझा दोरा एकाच पेन्सिलीवर, न ताणतां, एकास एक लागून वीस-वीस वेढे गुंडाळला. माझ्या वेढ्यांनीं अधिक जागा व्यापिली. तिन्ही फेऱ्या उसविल्या. आईच्या दोऱ्याचा तुकडा घेऊन दुकानांत गेलें, तेव्हां ४० नंबर जुळला.

रुमाल आतां सपाट बसला आहे. नवा दोरा अधिक पांढरा असल्यामुळें आईचा हात कोठें थांबला, तें मात्र स्पष्ट दिसतें. एकदां धुतला म्हणजे तो भेद जाईल, असें सर्व सांगतात. मीं अजून तो धुतलेला नाहीं.