वाळू कोरडी आहे

दुपारी दवाखाना बंद करता करता आजी टोपली घेऊन आल्या. "डॉक्टर, मन्याला शौचाला होत नाहीये हो. दोन दिवस नुसता कुंथतोय. कालपासून एरंडेल पाजतेय."

फडकं बाजूला केलं. मन्या एका कुशीवर पडलेला, हाक मारली तरी कान हलेना. पोट चाचपलं, तर मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. शौचाचा प्रश्नच नव्हता, लघवी तुंबली होती.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद. तिथे बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला, की थेंबही सुटत नाही. रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, मागे चाटत राहतो.

मांजराचे ठोके दवाखान्यात मिनिटाला दीडशेच्या वर सहज असतात. मन्याचे जेमतेम 100 भरले. आधी हृदय सावरायला शिरेतून कॅल्शियम, सलाइन; मग नळी. लालसर लघवी ट्रेमध्ये उतरू लागली, तशी हाताखालची ती मोसंबी मऊ पडत गेली. आजींनी तेव्हा कुठे खुर्ची घेतली.

त्यांची माया काडीचीही कमी नव्हती. पण मांजर दुखणं अंगात लपवतं, आणि आपण मायेच्या भरात माणसाचं औषध त्याला देतो. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून औषध सांगण्याआधी मी आता धडधाकट जनावर ओळखायला शिकवते. ओठ उचलून हिरडी दाबा. पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. झोपेतले श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या आत हवेत. घमेल्यातली वाळू रोज किती ओली होते, ते पाहा. रोजचं ठाऊक असेल, तरच बिघडलेलं डोळ्यात भरतं.

हा त्रास उलटतो. आठ महिन्यांनी सकाळी आठला आजींचा फोन आला. "डॉक्टर, पहाटेपासून चारदा घमेल्यात जाऊन आला. वाळू कोरडी आहे. काही पाजलेलं नाही. निघालेच मी."

मन्या टोपलीतून ओरडत आला. मूत्राशय लिंबाएवढं होतं.