माहेरच्या माळावरची पुतळी

येडशीच्या रामलिंगाला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. धाराशिवपासून साधारण २० किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात, खाली घळीत उतरून जायचं ते देऊळ. पावसाळ्यात जवळच धबधबा कोसळत असतो, माकडं हातातला प्रसाद पळवतात आणि जटायूची कथा प्रत्येक आजी आपापल्या परीने सांगते. आमच्या लहानपणी बार्शी लाइटची छोटी गाडी या डोंगरातून धापा टाकत जायची. आता तिथे रुंद रूळ आहेत. १९९७ पासून भोवतालचं सुमारे २२ चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं आहे. पण आज मला सांगायचं आहे ते देवळाबद्दल नाही, अभयारण्याबद्दलही नाही. तिथून थोड्या अंतरावर माझं माहेर आहे. माहेरच्या शेताच्या कडेला दीडेक एकराचा मुरमाड माळ आहे, त्याची ही हकीकत.

या माळावर पिकत काही नाही. कुसळी गवत, तरवडाची झुडपं आणि गवतात लपलेल्या रानटी निळीच्या जातीच्या बुटक्या वनस्पती. दोन वर्षांमागे गौरी-गणपतीला गेले होते, तेव्हा तिथे बसले असताना पायाशी एक करडं चिलट भिरभिरलं. बसलं तेव्हा कळलं, चिलट कसलं, फुलपाखरू ते! पंख मिटले की जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. मागच्या पंखाच्या काठाला नारिंगी रंग, त्यात काळे ठिपके आणि त्या काळ्यावर उन्हात हिरवी-निळी चमक. नथीतला खडा चमकावा तशी.

घरी आल्यावर आयझॅक किहीमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक मिळवलं. नाव सापडलं, ग्रास ज्वेल. म्हणजे गवतातलं रत्नच की! आपल्या देशातल्या सर्वांत छोट्या फुलपाखरांमध्ये त्याची गणना होते. गंमत म्हणजे त्याच्या अगदी जवळच्या जातीचं शास्त्रीय नाव आहे ‘पुतली’. कोलार नावाच्या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये दिलेलं. मला आपली पुतळ्यांची माळच आठवली. या दोघी इतक्या सारख्या दिसतात की पुतलीला बराच काळ ग्रास ज्वेलचाच एक प्रकार मानत होते. तेव्हा मी आपली दोघींनाही पुतळीच म्हणते, शास्त्रज्ञांनी रागावू नये. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला तो ब्ल्यू मॉर्मनला. तळहाताहून मोठं, काळं-निळं, दिमाखदार. ते कुणालाही दिसतं. पुतळीसाठी मात्र जमिनीवर बसावं लागतं, आणि पन्नाशीनंतर बसणं सोपं असलं तरी उठणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको!

पहिल्या वर्षी फोटोत नुसतं गवत आलं. गेल्या भाद्रपदात तयारीने गेले. मोबाइलला लावायचं चिमट्याचं भिंग घेतलं. सकाळी नऊची वेळ धरली. ऊन कोवळं असतं तेव्हा पुतळी पंख उघडून अंग शेकते. ऊन चढलं की ती एका जागी ठरत नाही. तुम्हाला कधी असा फोटो घ्यायचा झाला तर पोतं अंथरून कोपरांवर ओणवं व्हा, श्वास रोखा, आणि मुख्य म्हणजे आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की गेलीच. जाते मात्र फार लांब नाही. वीतभर उंचीवरून चार हात उडते आणि पुन्हा बसते. या माळाची पुतळी पलीकडच्या शेतात सहसा दिसायची नाही, कारण तिची अंडी ज्या झाडांवर असतात ती झाडं इथेच आहेत.

भावजय शेळ्या घेऊन आली होती. “वन्सं, येवढं लोळून काय घावलं?” म्हणून हसली. मी फोटो दाखवला. ती बराच वेळ मोबाइल नाकाजवळ धरून उभी होती. मग स्वतःच खाली बसली, आणि मला दोन वर्षांत जे दिसलं नव्हतं ते तिने पाच मिनिटांत शोधलं. एका पानाआड हिरवी इवलीशी अळी, आणि तिच्याभोवती मुंग्यांची ये-जा. अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो, तो मुंग्यांना आवडतो. मुंग्या भोवती असल्या की दुसरे किडे अळीच्या वाटेला जात नाहीत. “म्हंजी राखण हाय की,” भावजय म्हणाली.

त्या दिवशी साठेक फोटो काढले. त्यातले तीन बरे आले.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, “ताई, तुझ्या चिलटांचे फोटो झाले ना? दिवाळीनंतर जेसीबी आणतोय. माळ सपाट करून सोयाबीन घेतो.” घास हातातच राहिला माझा. तसं त्याचं चुकत होतं असं नाही. दोन मुलांचं शिक्षण आहे, कर्ज आहे. आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार? वडील गेल्यावर हक्कसोडीवर सही करून कितीतरी वर्षं झाली. हौसेने केलेली सही होती, कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण त्या रात्री ती पहिल्यांदा टोचली.

भावजयीनेच भाकरी वाढता वाढता विषय काढला. “विहिरीकडची पट्टी ऱ्हाऊ द्या. शेळ्यास्नी काय घालू मी?” पुतळीचं नावही तिने घेतलं नाही. भाऊ काही न बोलता जेवत राहिला.

कार्तिकात तिचा फोन आला. माळ सपाट झाला, पण विहिरीकडची चारेक गुंठ्यांची पट्टी तशीच आहे म्हणाली. अळी होती ती झाडं त्या पट्टीत किती आली, ते पाऊस पडून हिरवळ उगवल्याशिवाय कळायचं नाही. भिंग तिच्याजवळच ठेवून आले आहे. यंदा गौरीला गेले की पिशवी ठेवून आधी विहिरीकडे जाणार आहे.