बारावा फोटो

अमरावतीच्या दुकानात लेन्स हातात घेतली आणि अंगठा आपोआप एका जागी जाऊन बसला. झूमच्या कड्यावर रबर असतं, त्याला बारीक खाचा असतात. बाकी सगळीकडे त्या बोटाला टोचत होत्या, पण तेवढ्या अंगठ्याएवढ्या जागी झिजून गुळगुळीत झालेल्या. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोर घासून खाच पडते. इथे हात लागून लागून खाच पुसली गेली होती. मी बराच वेळ तिथेच अंगठा फिरवत राहिले.

तीन दिवस ताडोब्याला जायचं होतं. सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणजे कॅमेरा हवाच. आणि वाघ काही जिप्सीशेजारी येऊन बसेल याचा भरवसा नाही, म्हणजे 150-600 ची लेन्सही हवी. नवी घ्यायची तर लाखाच्या घरात. किरायाने घेतली तर दिवसाचे ठरलेले पैसे, आधार कार्डाची झेरॉक्स आणि अनामत रक्कम. दुकानातला मुलगा समजूतदार होता. म्हणाला, "ताई, वर्षातून किती रोज जंगलात जाता? तेवढं सांगा, मंग घ्या का नका घेऊ ते मी सांगतो." घेऊन कपाटात ठेवली तर पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, हेही त्यानेच सांगितलं.

किती रोज? आमच्या कारंज्याला लागूनच सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, 2000 सालापासूनचं. दर रविवारी पहाटे जाईन, पिळाच्या शिंगांचा काळा नर गवतात उभा सापडेल, असं मनात येतं. पण मनात येणं आणि पहाटे उठणं यांत फार अंतर असतं. मी बोटांवर रविवार मोजायला लागले, आणि त्या मोजणीत आगफा क्लिक थ्री आला.

1981 ची दिवाळीची सुट्टी. माहूरला जायचं म्हणून बाबांनी गावातल्या एका स्टुडिओतून तो कॅमेरा किरायाने आणला, चामड्याच्या पेटीसकट, आत रोल भरून. 120 चा रोल, चौकोनी 12 फोटो. मागच्या बाजूला लाल काचेची छोटी गोल खिडकी होती. वरची चावी फिरवली की तिच्यात पुढचा आकडा सरकत यायचा. रात्री आई-बाबांनी कागदावर बारा फोटोंची वाटणी केली, लग्नाची यादी करतात तशी. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर सगळ्यांचे मिळून दोन, दत्तशिखरावर दोन, अनसूयेला एक. आजीने तिचे दोन आम्हा भावंडांना देऊन टाकले. दत्तगुरूंच्या दर्शनाला निघालोय, माझं तोंड कशाला, असं तिचं म्हणणं. कारंजा हे दत्तावतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, त्यामुळे माहूरला जाणं तिच्या लेखी थोरल्या घरी जाण्यासारखं होतं.

एसटीत आईच्या मांडीवर धाकटा भाऊ नव्हता, कॅमेरा होता. "दुसऱ्याची वस्तू आहे" हे वाक्य त्या चार दिवसांत आम्ही किती वेळा ऐकलं! बाबा प्रत्येक फोटोआधी थांबायचे. ऊन कुठून येतंय ते बघायचे, आम्हाला एक पायरी खाली उतरवायचे, परत वर घ्यायचे, मग श्वास धरून खटका दाबायचे. आजी नको नको म्हणत प्रत्येक वेळी पदर सारखा करून घ्यायची. माहूर मला देवळांपेक्षा त्या थांबण्यांमुळे आठवतं: तळव्यांना भाजणारा दगड, कुंकवाच्या दुकानावरचं फडफडणारं ताडपत्रीचं टोक, "हलू नका" नंतरची ती शांतता. कॅमेरा कायमचा घरात असता तर बाबा इतके थांबले असते असं मला वाटत नाही.

परत आलो तेव्हा अकरा फोटो झाले होते, आणि कॅमेरा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. आई म्हणाली, घराचा काढा. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि सरळ स्टेशन गाठलं. शकुंतलेची वेळ झाली होती.

मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ही गाडी, 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. इंजिन 1921 साली मँचेस्टरला घडलेलं. ते वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला घातलेली ही लाइन देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी खासगी कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने आणि लाइनचे पैसे भरायचे कंपनीला. म्हणजे आख्खी शकुंतला किरायाच्या रुळांवरून धावत होती. पण कारंज्यात कुणी तिला परकी म्हटलेलं मी ऐकलं नाही. "आपली शकुंतला आली" असंच म्हणत. ज्यांच्या दारावरून ती रोज गेली, ज्यांनी तिच्या वेळेवर चहा ठेवला, तिच्यावर त्यांचाच हक्क, असं मला आजही वाटतं. आता गाडी बंद आहे.

लेन्स मी किरायानेच घेतली. विकत घ्यावा तवा, चांगली कात्री, शब्दकोश. जे रोज हाताला लागतं ते. त्या गुळगुळीत जागेवर तीन दिवस माझाही अंगठा होता. वाघीण दिसली, पाठमोरी.

बाबांचा तो बारावा फोटो अल्बममध्ये शेवटच्या पानावर आहे. इंजिन हललंय, नुसता वाफेचा पांढरा गोळा. पण डाव्या कोपऱ्यात फलाटावर गाठोड्यावर बसलेली एक बाई अगदी स्वच्छ आली आहे. पायांत जोडवी, हातात पितळी डब्याची कडी, नजर गाडीकडे नाही, बाबांकडे. ती दारव्ह्याला उतरली की यवतमाळपर्यंत गेली? आमच्या घरात ती चाळीस वर्षांहून जास्त राहिली आहे, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही.