आर्कराइट आणि सुतार

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि दिसल्या नाहीत तर श्रेय मराठी विभागाच्या मॅडमचं!

विषय एका इंग्रजी आडनावाचा आहे. आम्हा टेक्स्टाइलवाल्यांची त्याच्याशी पहिली भेट स्पिनिंगच्या पहिल्याच युनिटला होते. सर रिचर्ड आर्कराइट, वॉटर फ्रेम, पेटंट १७६९. व्हायवाला सरांनी विचारलं, "आर्कराइट म्हणजे काय गं?" मला वाटलं साल विचारतायत. म्हटलं, १७६९. "साल नाही, अर्थ. कॉन्व्हेंटची ना तू?" मग मी ऐटीत सांगायला लागले की आर्क म्हणजे नोहाची नौका, आणि राइट म्हणजे... इथे गाडी अडली. ठोकून दिलं, "जहाज बांधणारा, सर." सर हसले. म्हणाले, "नोहाला सोड. नीट बघून ये. आणि येताना स्वतःच्या आडनावाचाही अर्थ घेऊन ये." मागे रांगेत उभी असलेली आमची बॅच फिदीफिदी हसली.

कारण माझं आडनाव सुतार. त्याचा अर्थ शोधायला कुठे जावं लागत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. शाळेत चौथीत नाताळच्या नाटकात सिस्टरनी मला जोसेफ केलं. आमची मुलींची शाळा, कोणीतरी जोसेफ होणारच होतं. पण सिस्टर म्हणाल्या, "शी इज अ कार्पेंटर एनीवे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी मला मेरी व्हायचं होतं, आणि त्या दिवसापासून हजेरीला माझं नाव आलं की मी जरा हळूच 'प्रेझेंट' म्हणायला लागले. माझ्या दादाने तर सरळ गॅझेटमध्ये आडनाव बदलून गावाच्या नावाचं 'कर'वालं लावून घेतलं. आता परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. फॉर्मवर जे नाव तेच मार्कशीटवर आणि पुढे डिग्रीवर. दादा रोज फोन करत होता : "तूही बदलून घे, नंतर फार लफडी होतात." आणि आई म्हणत होती, "लग्नानंतर बदलणारच आहे, आता कशाला पैसे घालवायचे?"

असो. आधी आर्कराइट.

राइट हा 'बरोबर'वाला नाही आणि 'लिही'वालाही नाही. त्याचं स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होतं, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कारागीर, काहीतरी घडवणारा. 'वर्क' या शब्दाचाच तो भाऊबंद. प्लेराइट हा शब्द मी दहा वर्षं चुकीचा लिहिला. नाटक लिहितो म्हणून नव्हे, घडवतो म्हणून तो राइट. व्हीलराइट चाकं करणारा, कार्टराइट गाडी करणारा, वेनराइट मोठा चार चाकांचा गाडा करणारा, प्लाउराइट नांगर करणारा. अख्खी सुतारआळी म्हणा ना!

आणि आर्क म्हणजे पेटी. मूळ लॅटिन शब्द 'आर्का', अर्थ पेटी. लॅटिन बायबलात नोहाच्या नौकेलाही हाच शब्द आहे, म्हणजे माझं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं! इंग्लंडच्या उत्तर भागात मात्र आर्क हा रोजच्या वापरातला शब्द होता. पीठ, ओटचं भरड, धान्य ठेवायची घरातली मोठी लाकडी पेटी ती आर्क. तिकडच्या थंड, ओल्या जमिनीत गव्हापेक्षा ओट बरे यायचे, आणि वर्षाचं भरड उंदरांपासून आणि ओलीपासून वाचवायचं तर जाड लाकडाची पेटी हवीच. ओकचा ओंडका करवतीने न कापता पाचर मारून रेषेरेषेने फोडायचा, त्या फळ्या लाकडाच्याच खुंट्यांनी जोडायच्या. अशा पेट्या करणारा तो आर्कराइट. तेराव्या शतकातल्या लँकशायरच्या कोर्टाच्या कागदांत हे नाव सापडतं.

आता हे आडनाव दुर्मिळ का? लोहार प्रत्येक गावाला लागतो, म्हणून स्मिथ इंग्लंडभर शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले. पण नुसत्या पेट्यांवर पोट भरणारा माणूस क्वचित एखाद्या गावात. शिवाय तो अशा भागातला हवा जिथे पेटीला आर्क म्हणतात. आणि तिसरी अट, त्याला ते नाव चिकटलं तो काळ आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागल्याचा हवा. तीनही गोष्टी जुळल्या अशी घरं मोजकीच, आणि ती जवळपास सगळी लँकशायरच्या बाजूला. १८८१ च्या खानेसुमारीवरून केलेला आडनावांचा नकाशा पाहिला तर आर्कराइट तिथेच दाट आणि बाकी देशात तुरळक. बीबीसीच्या 'ओपन ऑल अवर्स' या जुन्या विनोदी मालिकेतल्या उत्तरेकडच्या चिकट दुकानदाराचं नाव आर्कराइट आहे. तिकडच्या प्रेक्षकाला नाव ऐकलं की माणूस कुठला ते कळतं, जसं आपल्याला 'पाटणकर' म्हटल्यावर कळतं.

पुढचं गणिताचं. थोडी आडनावं वाढतात आणि बाकीची मरतात, हे का होतं, असा प्रश्न फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला. हेन्री वॉटसन या पाद्र्याने तो सोडवला आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून पेपर लिहिला. एका माणसाला शून्य, एक, दोन, तीन मुलगे होण्याची शक्यता धरायची, मग प्रत्येक मुलाला पुन्हा तेच. सरासरी एका माणसामागे एकच मुलगा टिकत असेल, कोणाला जास्त, कोणाला एकही नाही, तर ते आडनाव कधी ना कधी संपतंच. शंभर टक्के. (वॉटसनसाहेबांच्या उत्तरात सरासरी एकाच्या वर गेली तरी सगळी आडनावं मरत होती. ते चुकलेलं होतं. म्हणजे बॅकलॉग त्यांनाही लागला असता.) हे वाचताना मला एक गोष्ट खटकली. या गणितात मुली नाहीतच! मुलगी झाली की शून्य धरायचं. गाल्टन आणि माझी आई यांचं या बाबतीत एकमत आहे.

आपल्या रिचर्डसाहेबांच्या घरी काय झालं बघा. जन्म १७३२, प्रेस्टन, म्हणजे लँकशायरच. आडनाव पेटीवाल्याचं, पण वडील शिंपी. आणि हा स्वतः? न्हावी! केस कापायचा, केस विकत घेत गावोगाव हिंडायचा आणि त्यांचे टोप करून विकायचा. पेटी कोणी केली असेल तर ती कित्येक पिढ्या आधी. त्याच्या यंत्रावरून भांडणंही पुष्कळ झाली. जॉन के नावाच्या घड्याळजीने त्याला मॉडेल करून दिलं होतं, आणि रुळांची कल्पना मूळ थॉमस हाइजची, असं १७८५ च्या खटल्यात कोर्टासमोर आलं. त्या खटल्यात आर्कराइटचं दुसरं, १७७५ चं पेटंट रद्द झालं. (हा के म्हणजे फ्लाइंग शटलवाला के नव्हे. दोघांचं नाव जॉन के, परीक्षेत हमखास घोळ होतो.) पण १७८६ मध्ये 'सर' झाला तो आर्कराइटच, पुस्तकात राहिला तोही आर्कराइटच.

यंत्रमागाची गंमत त्याहून मोठी. १७८४ मध्ये आर्कराइटच्या क्रॉमफर्ड गिरणीजवळ मॅटलॉकला काही मँचेस्टरवाले गप्पा मारत होते, की आता सूत इतकं निघणार की विणायला हात पुरणार नाहीत. ते ऐकून एकाने पुढच्याच वर्षी यंत्रमागाचं पेटंट घेतलं. त्याचं नाव एडमंड कार्टराइट, धंदा पाद्री! म्हणजे पेटीवाल्या न्हाव्याने सूत काढलं आणि गाडीवाल्या पाद्र्याने ते विणलं. आणि आर्कराइटचं ते प्रसिद्ध चित्र, पोट सुटलेला, शेजारी टेबलावर रुळांचं मॉडेल, ते काढणारा चित्रकार जोसेफ राइट. यातल्या एकालाही कोणी म्हटलं नसेल, "तू सुतार ना, मग हे कसं काय?"

रिचर्डला मुलगा एकच, तोही रिचर्ड. मुलगी सुझाना लग्न करून हर्ट झाली आणि हिशेबातून गेली. पण त्या एका मुलाला बरीच मुलं झाली, आणि पैसा तर इतका की इस्टेटीच इस्टेटी. हेरफर्डशायरमधला हॅम्प्टन कोर्ट घेतला, डर्बीशायरमधला सटन स्कार्सडेल घेतला, एकेक शाखा एकेका हवेलीत गेली. त्यामुळे नकाशावर लँकशायरपासून लांब हेरफर्डशायरमध्ये आर्कराइट दिसले तर तिथे पेट्या होत असत असा निष्कर्ष काढू नका. ते एका न्हाव्याचे पैसे आहेत. उलट लँकशायरमधले बहुतेक आर्कराइट साधी कामकरी माणसं, त्यातली किती तरी पुढे गिरणीतच असणार. नकाशावर मात्र दोघांचा ठिपका सारखाच.

डर्बीशायरमध्ये तर आर्कराइट टाउन नावाचं खाणकामगारांचं गावच आहे. गावावरून आडनाव पडतं हे आपल्याला माहीत आहे, इथे आडनावावरून गाव. १९८८ मध्ये तिथे जमिनीतून मिथेन वायू घरांत शिरला आणि १९९० च्या दशकात अख्खं गाव उचलून रस्त्यापलीकडे नवीन वसवलं. गाव हललं, नाव नाही हललं.

हे सगळं जमवल्यावर सुट्टीत गावी गेले तेव्हा आजोबांना सांगितलं. आजोबा १९६८ साली कोकणातून मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले, आधी बदली, मग कायम. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला आणि ते कायमचे गावी परत आले. रंधा त्यांनी धंदा म्हणून कधीच धरला नाही. ते नेहमी सांगायचे, "मी त्रासन खात्यात होतो." लहानपणी मला वाटायचं तिथे फार त्रास असेल म्हणून त्रासन. या वर्षी कळलं, तो शब्द 'थ्रॉसल'. आर्कराइटच्या वॉटर फ्रेममध्ये सुधारणा होत होत जे यंत्र झालं ते थ्रॉसल. ते चालताना गुणगुणायचं म्हणून इंग्रज कामगारांनी त्याला एका गाणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलं. आजोबांच्या वेळी यंत्रं रिंगची होती, शब्द तेवढा जुना राहिला होता. गुणगुणण्याबद्दल विचारलं तर त्यांनी उजव्या कानाला हात लावला. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.

माजघरात आमच्या पणजोबांनी केलेली फणसाच्या लाकडाची तांदळाची पेटी आहे. लहानपणी लपाछपीला मी तिच्यामागे लपायचे. म्हणजे पणजोबा लँकशायरमध्ये असते तर माझं आडनाव आर्कराइट झालं असतं, आणि सिस्टरनी मला कदाचित मेरी केलं असतं!

दादाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "तिकडे आर्कराइट म्हटलं की कोणी जात विचारत नाही. इकडे सुतार म्हटलं की समोरचा मनात हिशेब करून मोकळा होतो. तू कंपनीत इंटरव्ह्यू देशील तेव्हा कळेल." त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याने काय काय ऐकलं ते मला माहीत आहे, आणि मी ते इथे लिहिणार नाही. मी फॉर्मवर सुतार लिहिलं. त्याने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसचं बिल भरलंस का म्हणून स्वतःच केला.

आजोबांना आडनाव बदलण्या-न बदलण्यात काही रस नव्हता. आर्कराइटची सगळी कथा त्यांनी डावा कान पुढे करून ऐकली. मग पेटीकडे बघत विचारलं, "त्यांच्या पेट्येक खिळे मारलेले काय गो?"

म्हटलं, "नाही आजोबा. लाकडाच्या खुंट्या."

"हां," म्हणाले, "मग टिकत असतील." आणि जेवायला उठले.